फोटोच्या पाठीवर

सासूबाई गेल्या, त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही गावातलं जुनं घर रिकामं केलं. घर कसलं, तीन पिढ्यांचं सामान कोंबलेली वखारच ती! माळ्यावर तांब्याचे हंडे, मोडका पाळणा, फुटक्या बरण्या आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत नुसते कागद. जुनी पोस्टकार्डं, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, वाण्याच्या वह्या आणि फोटो. पुठ्ठ्यावर चिकटवलेले, पिवळे पडलेले, कडा कुरतडलेले. चार दिवस पदर खोचून मी आवरत होते. पाठीचा नुसता काटा ढिला झाला होता. ओळखू आले ते फोटो बाजूला काढले. ज्यांना कुणीच ओळखेना, त्यांचं काय करायचं? ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "तूच बघ काय ते." मी बघितलं. रद्दीवाल्याच्या तराजूत टाकलं.

सहा महिन्यांनी आत्याबाई, म्हणजे ह्यांच्या आत्या, चार दिवस राहायला आल्या. वय सत्त्याऐंशी. नजर अधू झालेली, पण बोलणं खणखणीत. दुपारी चहा घेताना म्हणाल्या, "अगं, वहिनीच्या ट्रंकेत आमच्या आईचा एक फोटो होता बघ. आठ-नऊ बायकांचा घोळका आहे, मागे पडदा आहे. आई डावीकडून दुसरी, आणि तिच्या कडेवर मी. जरा दे बघू. डोळे आहेत तोवर एकदा नीट बघून घेते."

माझ्या हातातली बशी हलली. तो फोटो मला स्वच्छ आठवत होता. नऊवारीतल्या बायका, एकीच्या कडेवर टोपडं घातलेलं मूल. उलटून पाहिला होता मी तो. पाठ कोरी होती.

आत्याबाई सहा वर्षांच्या असताना त्यांची आई बाळंतपणात गेली. तिचा तेवढा एकच फोटो. "शोधून ठेवते हं," असं म्हणून मी स्वयंपाकघरात निघून गेले. खोटं बोलले. त्या परत गेल्या तरी मी काही सांगितलं नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी लेकीच्या बाळंतपणासाठी मला जर्मनीला जावं लागलं. लेक-जावई हाम्बुर्गला असतात. मेथीचे लाडू, बाळंतशेपा, गुट्टीचं सामान असं सगळं घेऊन मी तिथे पोचले. बाळ महिन्याचं झाल्यावर त्याला बाबागाडीत घालून मी आणि लेक रोज थोडं फिरून यायचो. त्यांच्या गल्लीत एका घरासमोर फूटपाथच्या फरशीत तळहाताएवढे पितळी चौकोन बसवलेले होते. वाटलं, पाण्याच्या नळाबिळाची झाकणं असतील.

नऊ नोव्हेंबरला सकाळी बघते तर शेजारच्या आजी गुडघ्यावर बसून ते चौकोन घासताहेत. हातात फडकं, बाजूला पॉलिशची बाटली. पितळ म्हटल्यावर माझे पाय थांबले. दिवाळी नुकतीच झाली होती, घरची समई आठवली. लेकीला म्हटलं, "विचार तरी, हे काय आहे?"

आजींनी सांगितलं आणि लेकीने मला समजावलं. त्या घरात पूर्वी एक ज्यू कुटुंब राहत होतं. हिटलरच्या राजवटीत त्यांना इथून नेलं आणि मारलं. चौकोनावर 'येथे राहत होती' अशा शब्दांनी सुरुवात, मग नाव, जन्माचं साल, आणि कुठे नेऊन मारलं ते. गुंटर डेम्निग नावाच्या जर्मन कलाकाराने १९९२ साली हे काम सुरू केलं. आज युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड बसवलेले आहेत. १९३८ साली नऊ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली, दुकानं फोडली. म्हणून त्या तारखेला पुष्कळ लोक आपापल्या गल्लीतले दगड घासून लखलखीत करतात.

उठता उठता आजी म्हणाल्या, "हिचं नाव मिळालं. पण फोटो काही मिळाला नाही. ती दिसायला कशी होती, ते आता कुणालाच ठाऊक नाही."

लेक मला भाषांतर करून सांगत होती आणि माझ्या पोटात कालवाकालव होत होती. या आजींकडे नाव होतं, चेहरा नव्हता. माझ्याकडे चेहरा होता, नाव नव्हतं. आणि तो चेहरा मी किलोच्या भावाने देऊन टाकला होता.

आता आपल्या घरातली रद्दी कुठे आणि त्या माणसांवर गुदरलेलं कुठे! दोन्हींची तुलना करायची नाही, तो त्यांचा अपमान होईल. साठ लाख ज्यू मारले गेले. शिवाय रोमा आणि सिंती जमातीचे लोक, पोलिश लोक, सोव्हिएत युद्धकैदी, अपंग माणसं, सरकारविरुद्ध बोलणारे, अशी आणखी लाखो माणसं. पण त्या दिवसापासून मला एकच विचार लागून राहिला. ही माणसं गेली, त्यांची घरं गेली, मग त्यांच्या घरातल्या फोटोंचं आणि कागदांचं काय झालं? बाळ मांडीवर झोपलं, की लेक मला वाचून दाखवायची आणि मी ऐकायची.

आधी कागदांचं सांगते. कागद माणसाच्या उपयोगाचे असतात असं आपण धरून चालतो. रेशनकार्ड काय, जन्मदाखला काय, जपून ठेवावेत. तिथे मात्र कागदच माणसांवर उलटले. १९३८ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सरकारने हुकूम काढला, की ज्यांचं नाव सरकारी यादीतल्या ज्यू नावांपैकी नसेल, त्या प्रत्येक ज्यू बाईने आपल्या नावापुढे 'सारा' लावायचं आणि पुरुषाने 'इस्राएल'. १ जानेवारी १९३९ पासून तो अमलात आला. ओळखपत्रावर मोठं 'जे' अक्षर, पासपोर्टवर लाल शाईत तेच अक्षर. ओळखपत्रासाठी फोटो काढायचा तोसुद्धा कान दिसेल असा मान वळवून.

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून मुलीचं नाव बदलतात. कुणाला ते आवडतं, कुणाला जन्मभर खुपतं. पण निदान ते नाव त्या एकीपुरतं कुणीतरी निवडलेलं असतं. इथे हजारो बायकांना एकाच नावाचा शिक्का मारला. मग छावणीत गेल्यावर तेही नाव गेलं आणि उरला नुसता नंबर.

आणि फोटो? घर सोडून चला असा हुकूम झाला, की माणसं एखादी बॅग भरायची. मैत्रिणींनो, क्षणभर विचार करा, आपण काय घेऊ? चार कपडे, पोराबाळांचं खाणं, औषध आणि फोटो. फोटो घेऊच. त्या बायकांनीही घेतले. ऑशविट्झच्या छावणीत उतरल्याबरोबर बॅगा काढून घेत. कपडे, दागिने, भांडी यांची वर्गवारी होऊन ती जर्मनीला पाठवली जात. फोटोंना मात्र बाजारात किंमत नव्हती, म्हणून ते नष्ट करत. त्यातूनही बिर्केनाऊला सुमारे २,४०० फोटो वाचले. बरेचसे पोलंडमधल्या बेंजिन आणि सोस्नोविएत्स या शेजारच्या गावांतल्या कुटुंबांचे. २००१ पासून ते तिथेच मांडलेले आहेत, आणि कुठे, तर जिथे कैद्यांचे केस कापून, कपडे काढून घेऊन नावनोंदणी करायचे त्याच इमारतीत.

लेकीने ते मला तिच्या कॉम्प्युटरवर दाखवले. काहीतरी भयंकर बघायला मिळणार म्हणून मी मन घट्ट करून बसले होते. पण फोटो कसले? लग्नातला जोडा. पालथं पडलेलं गुटगुटीत बाळ. बर्फात खेळणारी तरुण मंडळी. दोन बहिणी गळ्यात गळा घालून. आपल्या आल्बमात असतात तसेच! तेच मला सहन होईना. फोटो काढताना त्यांना कुठे ठाऊक होतं? काही फोटोंच्या पाठीवर कुणाकुणाला उद्देशून दोन ओळी लिहिलेल्या आहेत. त्यावरून आणि जी थोडी माणसं जिवंत राहिली त्यांनी ओळखल्यावरून, त्यातल्या बऱ्याच जणांची नावं आज लागली आहेत. बाकीची नुसतीच हसताहेत आपल्याकडे बघून.

दुसरी गोष्ट एका बाईची. तिचं नाव याफा एलियाख. लिथुआनियातल्या आयशिशोक या छोट्या गावात तिचं लहानपण गेलं. तिच्या आजीचं, आल्टे काट्झचं, गावात औषधांचं दुकान होतं आणि जोडीला फोटोचा स्टुडिओ. गावातली लग्नं, मुंजीच्या वयातली मुलं, शाळेच्या सहली, सगळं त्या स्टुडिओत टिपलं जायचं. नवीन वर्ष आलं, की लोक आपले फोटो अमेरिकेतल्या आणि पॅलेस्टाइनमधल्या नातेवाइकांना पाठवायचे. आपण नाही का बाळाचा फोटो मामाला पाठवत, तसंच. १९४१ च्या सप्टेंबरमध्ये, २५ आणि २६ तारखेला, त्या गावातल्या आणि आसपासच्या सुमारे साडेतीन हजार ज्यूंना गोळ्या घातल्या. आजीही गेली. नऊशे वर्षांची वस्ती दोन दिवसांत संपली.

याफा वाचली. पुढे अमेरिकेत इतिहासाची प्राध्यापक झाली. १९७९ साली अमेरिकन सरकारच्या एका आयोगाबरोबर ती युरोपात जाऊन आली. जिथे तिथे तिने या लोकांच्या मरणाच्याच खुणा पाहिल्या आणि ठरवलं, की आपण त्यांचं जगणं गोळा करायचं. जवळजवळ पंधरा वर्षं देशोदेशी हिंडून, जुन्या गावकऱ्यांची दारं ठोठावून, तिने सुमारे ६,००० फोटो जमवले. गावात राहिलेले फोटो बहुतेक नाहीसे झाले होते. हाती लागले ते मुख्यतः परगावी पाठवलेले! कुणा मावशीने, कुणा चुलत बहिणीने कपाटाच्या तळाशी ठेवून दिलेले. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात १९९३ पासून त्यातल्या हजाराहून अधिक फोटोंचा तीन मजली उंच मनोरा उभा आहे. चारी बाजूंनी नुसते चेहरे. याफा २०१६ साली वारली.

त्या कुठल्या तरी मावशा म्हणजे आपल्यासारख्याच. भाड्याच्या दोन खोल्या, परकी भाषा, मागे पोरांचं लटांबर. त्यांनाही कधीतरी वाटलंच असेल, की हा पसारा किती दिवस सांभाळायचा? पण त्यांनी टाकला नाही. ॲन फ्रँकची डायरी आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असेल. १९४४ साली त्या कुटुंबाला पकडून नेल्यावर जमिनीवर विखुरलेले ते कागद मीप गीस आणि बेप फोस्काउल या ऑफिसातल्या दोघींनी गोळा केले. मीपने ते न वाचता टेबलाच्या खणात ठेवून दिले. परत आलेल्या बापाच्या हातात पुढे तेच पडले. एका बाईने खणात ठेवलं, म्हणून जगाला मिळालं.

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर जावईबापूंनी एका रविवारी मला नॉयेनगाम्मे इथली छावणी बघायला नेलं. लोकलने बेर्गेडोर्फपर्यंत आणि पुढे बस. आजूबाजूला शेतं, मधोमध विटांच्या लांबलचक इमारती. १९३८ ते १९४५ या काळात या छावणीत आणि तिच्या शाखांमध्ये एक लाखाहून जास्त माणसं डांबली होती. निदान ४२,९०० तिथे मेली. हाम्बुर्गच्या बांधकामांसाठी विटा पाडायचं काम त्यांना होतं. एका इमारतीत वरून खालपर्यंत लांब कापडी पट्टे सोडले आहेत आणि त्यांवर मेलेल्यांची नावं छापली आहेत. ज्या दिवशी मेले त्या तारखेप्रमाणे. तारखेमागून तारीख, नावांमागून नावं. वाचता येत नव्हती तरी मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले.

तिथेच जावयांनी मला पाकिटांची हकिकत सांगितली. नॉयेनगाम्मेच्या आणि डाखाउच्या छावण्यांत कैदी आला, की त्याच्या अंगावरच्या वस्तू काढून पाकिटात भरत. घड्याळ, लग्नाची अंगठी, पेन, पत्रं, फोटो. वर नाव आणि नंबर. जसं काही सुटल्यावर परत करणार आहेत! ज्यूंच्या बाबतीत बहुधा तेवढाही देखावा करत नसत, सगळं सरळ लुटत. ही पाकिटं जास्त करून पोलंड, सोव्हिएत युनियन आणि जर्मनीतल्या कैद्यांची. १९४४ साली वॉर्सात उठाव झाला, तेव्हा पकडून आणलेल्या पुष्कळ बायकांच्या अंगठ्या नि कर्णफुलं त्यांत आहेत. युद्ध संपल्यावर यातली हजारो पाकिटं शेवटी जर्मनीतल्या बाड आरोलझन या गावी पोचली. हरवलेल्या माणसांचा शोध घेणारी कचेरी तिथे १९४६ पासून आहे. तिच्याकडे सुमारे तीन कोटी कागद आहेत आणि त्यांत सुमारे एक कोटी पंचाहत्तर लाख माणसांची नावं आहेत. २०१३ साली युनेस्कोने हा ठेवा जगाच्या स्मृतीचा भाग म्हणून नोंदवला.

वर्षानुवर्षं कुटुंबांनी अर्ज करायचे आणि कचेरीने उत्तर द्यायचं, अशी रीत होती. २०१६ पासून कचेरीने उलटी वाट धरली. आपणच वारस शोधायचे आणि वस्तू त्यांच्या घरी पोचवायच्या. तेव्हा सुमारे तीन हजार माणसांच्या वस्तू उरल्या होत्या. त्यानंतर शेकडो घरांना त्या परत मिळाल्या. सत्तर-ऐंशी वर्षांनी! कुणा म्हातारीच्या हातात तिच्या बापाचं घड्याळ पडतं, कुणाच्या हातात आपल्या आईचा तरुणपणीचा फोटो. सोन्याचा भाव कुणी विचारत नाही.

जावई म्हणाले, "आई, माग काढायला नाव आणि जन्मतारीख लागते, गाव लागतं. त्यातून मुलींचा माग काढणं तर फार कठीण. लग्न झालं, आडनाव बदललं, की धागा तुटला." मी गप्प बसले. परतीच्या बसमध्ये मला आत्याबाईच दिसत होत्या.

मिरजेला घरी आल्यावर पहिला फोन त्यांना केला आणि त्यांना बोलावून घेतलं. जेवणं झाल्यावर समोर बसून सगळं सांगितलं. "आत्याबाई, तो फोटो मी रद्दीत टाकला. मला ओळखू आला नाही. आणि वर तुमच्याशी खोटं बोलले."

त्या कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. पदराचा शेव बोटाला गुंडाळत बसल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग हळूच म्हणाल्या, "तुझा काय दोष? मी माहेरी आले की तो फोटो काढून बघायची. पाठीवर 'ही माझी आई' असं लिहायला मला काय झालं होतं? वाटायचं, सगळ्यांना ठाऊकच आहे." आणि थोड्या वेळाने, "आण एक वही. मला आठवतंय तेवढं लिहून घे."

मी लिहून घेतलं. नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव. कपाळ रुंद, भुवया जाड, नथ जरा मोठीच, उजव्या हनुवटीवर तीळ. फोटोत हसली नव्हती, कारण फोटोवाल्याने हलू नका म्हणून दटावलं होतं. तो फोटो साधारण १९३८ चा असावा. तिकडे बायकांच्या नावापुढे शिक्के मारत होते त्याच वर्षाचा. फोटो गेला तो गेलाच. वहीचं पान काही फोटो होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून उरलेले फोटो घेऊन बसलो. त्रेचाळीस होते. मी भिंगातून वर्णन करायची आणि त्या ओळखायच्या. "धोतराचा सोगा हातात? मग ते दादाच!" एकतीस जणांची नावं लागली. बारा नाही लागली. तीही आता ट्रंकेत आहेत आणि मी असेपर्यंत राहतील.

तुम्हालाही करायचं असेल, तर अनुभवाचं सांगते. फोटो स्वच्छ कागदावर पालथा ठेवून कडेला मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावं. बॉलपेनची शाई पुढे उमटते आणि दाबही पडतो. अलीकडच्या गुळगुळीत फोटोंवर पेन्सिल उठत नाही, ते कागदी पाकिटात घालून पाकिटावर लिहावं. डिंक, चिकटपट्टी लावू नये. ओलीच्या भिंतीजवळ किंवा चुलीवरच्या माळ्यावर ठेवू नयेत. मोबाइलमधल्या हजार फोटोंतले निदान दहा तरी कागदावर काढून घ्यावेत. आणि नाव लिहाल ते नुसतं 'काकू', 'वन्स' असं नको. तुमची काकू नातवंडांची कुणीच नसते.

आत्याबाईंचा स्वतःचा एक फोटो निघाला, लग्नानंतरचा. मी पाठीवर त्यांचं सासरचं नाव लिहायला घेतलं. त्यांना दिसत नव्हतं, पण पेन्सिलीचा आवाज ऐकून त्यांनी माझा हात धरला.

"थांब," म्हणाल्या. "माहेरचं आधी लिही."